नाल्याकाठची पाणथळ जमीन व तेथील बांधकामाची पाहणी

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेस आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांत डोंगराळ मुलूख असून तेथून जमीन दक्षिणेस व आग्नेयेस उतरत जाते. धाम, बोर व यशोदा या नद्या याच उताराने वाहतात. नागपूर जिल्ह्यातून येणारी वणा हिंगणघाटावरून जाते आणि अखेर हे सारे पाणी वर्धा नदीस मिळते. या नद्यांची नावे शाळेतील मुलांसही ठाऊक असतात. परंतु त्यांस पाणी पुरविणारे जे शेकडो नाले गावोगाव आहेत, ते बहुधा निनावी असतात. ‘पाटलाच्या वावरातला’ किंवा ‘मसणवटीजवळचा’ एवढीच त्यांची ओळख. नदीवर काही बांधावयाचे झाल्यास अभियंता येतो, मोजणी होते, कागद फिरतात. निनावी नाल्याकाठी मात्र एके दिवशी मुरुमाचे चार ट्रॅक्टर रिकामे होतात, आणि पुढील पावसाळ्यापर्यंत तेथे भिंत उभी राहते.

शहरांलगतच्या व मोठ्या रस्त्यांलगतच्या गावांत हा प्रश्न आता वारंवार उपस्थित होतो. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा भाग डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तो सेलू, वर्धा व आर्वी या तालुक्यांतून जातो. शेताचे भूखंड पडू लागले म्हणजे उंचावरील चांगली जागा प्रथम विकली जाते. मागाहून आलेल्याच्या, अथवा ज्याच्याजवळ पैसा थोडा त्याच्या वाट्यास सखल जागा येते. म्हणून या प्रश्नाकडे ‘नाला विरुद्ध घर’ असे पाहणे बरोबर नाही. पहिल्या मोठ्या पुरात ज्याचे धान्य भिजणार तो बहुधा तेच घर बांधणारा मनुष्य असतो.

लवण म्हणजे पडीक नव्हे

नाल्याच्या काठाशी जेथे जमीन बशीसारखी खोलगट असते व पावसाळ्यात पाणी साचून राहते, त्या जागेस या भागात लवण म्हणतात. तेथे कपाशी पिवळी पडते व सोयाबीन सडते. यामुळे मालकास ती जागा निरुपयोगी वाटते व कोणी भाव दिला की तो ती देऊन टाकतो. शेतीपुरता त्याचा हिशेब खरा आहे. पण गावाचा हिशेब निराळा आहे.

वर्धा जिल्ह्यातील काळी भारी जमीन पाणी फार सावकाश पिते. एकदा ती फुगून तिच्या भेगा मिटल्या की वरचे पाणी खाली न जाता उताराने धावू लागते. अशा वेळी पाण्यास थांबावयास जागा असेल तरच ते मुरते. एक हेक्टर जमिनीवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० घनमीटर, अर्थात एक लाख लिटर. दोन हेक्टरांच्या लवणात सरासरी ३० सेंटिमीटर पाणी उभे राहिले तर ते साठ लाख लिटर होते. दहा हजार लिटरांच्या टँकरच्या हिशेबाने सहाशे टँकर. नाल्याच्या तळाशी मुरुमाचा थर उघडा असेल तेथून यातील काही पाणी खाली झिरपते व जवळच्या विहिरींस मिळते. काही वाफ होऊन उडते. उरलेले पाऊस उघडल्यानंतर हळूहळू नाल्यात उतरते व नाला आणखी काही दिवस वाहता ठेवतो. रब्बीच्या हरभऱ्यास एक पाणी अधिक मिळते की नाही, हे पुष्कळदा या काही दिवसांवर ठरते.

याखेरीज वरच्या शेतांतून वाहून येणारा गाळ लवणातील लव्हाळ्यात व पाणकणसात अडकतो. गुरांना उन्हाळ्याच्या तोंडी हिरवा चारा मिळतो. बगळे, ढोकरी, टिबुकल्या व पाणकोंबड्या तेथे वावरतात, आणि सिंदीची झाडे अशाच ओलसर जागी वाढतात. गांधीजींच्या काळी सेवाग्रामच्या परिसरात सिंदीच्या नीरेपासून गूळ करण्याचा ग्रामोद्योग चालला होता, तो याच ओलाव्याच्या आधारावर.

पाणथळ जागा म्हणजे डास व हिवताप, असा एक आक्षेप ग्रामसभेत हमखास निघतो. तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. खुद्द गांधीजी १९३६ मध्ये शेगाव येथे, म्हणजे पुढे ज्याचे नाव सेवाग्राम झाले त्या गावी, राहावयास गेले त्याच वर्षी हिवतापाने आजारी पडले होते. तथापि डास वाढतात ते मुख्यतः उथळ, साचलेल्या, मासे नसलेल्या पाण्यात. ज्या लवणात मासे, बेडूक व चतुर आहेत तेथे डासांच्या अळ्या खाणारेही असतात, आणि आरोग्य विभागाकडून गप्पी मासे मिळवून तेथे सोडता येतात. सर्वांत वाईट स्थिती अर्धवट बुजविलेल्या लवणाची. भरावाच्या ढिगांमध्ये डबकी राहतात, त्यांत मासा जगत नाही, आणि भोवतालच्या घरांचे सांडपाणी तेथेच येऊन थांबते.

कायद्याचे छत्र कोठवर पोहोचते

पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या यादीत महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वर, लोणार व ठाणे खाडी या जागा आल्या आहेत. भारत सरकारने २०१७ मध्ये पाणथळ जागांचे संवर्धन व व्यवस्थापन यासंबंधी नियम केले. हे नियम ज्या जागांस लागू होतात तेथे भराव घालणे, अतिक्रमण व उद्योग उभारणे यांस बंदी आहे, आणि सरासरी उच्च पूरपातळीपासून पन्नास मीटरांच्या आत कायम स्वरूपाचे बांधकाम करता येत नाही. परंतु त्याच नियमांत नदीचे पात्र आणि सिंचन अथवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम केलेले तलाव वगळले आहेत. देशातील पाणथळ जागांची जी यादी उपग्रहांच्या साहाय्याने तयार झाली, तीत प्रामुख्याने सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागांचा विचार झाला. गावातील एकदीड हेक्टराचे लवण त्या यादीत सापडणार नाही.

नद्यांच्या बाबतीत पूररेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध असून निळ्या व लाल रेषांमधील पट्ट्यात निर्बंध असतात. परंतु या रेषा सर्व नद्यांच्या सर्व भागांत आखलेल्या नसतात आणि लहान नाल्यांवर तर त्या क्वचितच असतात. याचा अर्थ असा की, लहान नाला व त्यालगतचे लवण यांच्या बाबतीत राजपत्रातील अधिसूचनेची वाट पाहून उपयोग नाही. तेथे गावाची स्वतःची पाहणी हीच पहिली, आणि पुष्कळदा एकमेव, राखण होय.

याउलट एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाल्याचे पात्र कोणाच्याही शेतातून गेलेले दिसले तरी, कायदेशीर हक्क शाबीत केलेला नसल्यास, ते महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० अन्वये शासनाच्या मालकीचे असते. पात्रातच भराव घातला असल्यास ते अतिक्रमण होय, आणि कलम ५० प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस ते दूर करविता येते. पंजाबातील एका गावचे तळे बुजवून घरे बांधल्याच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी निकाल दिला. त्यात अशी सामाईक जागा गावास परत मिळवून देण्यासाठी योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांस दिले गेले. बांधकामावर खर्च फार झाला, ही सबब तेथे मान्य झाली नाही.

जागेवर काय पाहावे

बांधकामाचा अर्ज आला म्हणजे नकाशा टेबलावर पसरण्यापूर्वी जागेवर जावे. पाहणी मे महिन्यात झाली तर लवण फसविते. त्या दिवसांत तेथे क्रिकेटचे मैदान करता येईल इतकी जमीन कोरडी व सपाट दिसते. तथापि पाण्याच्या खुणा उन्हाळ्यातही राहतात. नाल्याकाठच्या बाभळीच्या फांद्यांत काडीकचरा व चिंध्या किती उंचीवर अडकल्या आहेत ते पाहून टेपने मोजावे. मागील पुराची ती पातळी होय. लव्हाळा, पाणकणीस, बेशरम व सिंदी जेथवर आहेत तेथवर ओल राहते असे समजण्यास हरकत नाही. त्यानंतर कुदळीने एक मीटर खोल खड्डा घ्यावा. खालची माती करडी-निळसर असून तीत गंजासारखे तांबूस ठिपके असतील, तर ती जमीन वर्षातील बराच काळ पाण्याखाली असते. माती कोरडी असली तरी हे ठिपके राहतात, म्हणून ही खूण भरवशाची.

मग माणसांस विचारावे. गुराखी, नाल्यावर धुणे धुणाऱ्या स्त्रिया व शेजारचा वाहितदार यांस पाण्याची वाट माहीत असते. अर्जदाराच्या देखत ते बोलण्यास संकोचतात, तेव्हा त्यांच्याशी निराळे बोलावे. जवळच्या विहिरीत सप्टेंबरमध्ये पाणी किती हातांवर येते हेही विचारावे. ते जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर येत असेल तर त्या जागी संडासाचा शोषखड्डा पावसाळ्यात चालणार नाही. खड्ड्यातील मैला विहिरीच्या पाण्यात उतरेल, किंवा उलट पाणी खड्ड्यात शिरून संडास तुंबेल. घराच्या पायाविषयीही अर्जदारास स्पष्ट सांगावे. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर उथळ पाया घेतलेल्या भिंतींस तिरप्या भेगा पडतात. नाल्याकाठी काळीचा थर बहुधा अधिक जाड असतो, त्यामुळे मुरुमापर्यंत पाया नेण्याचा खर्च वाढतो. स्वस्त भूखंड येथे महाग पडतो. नाला, हवामान व पक्षी यांविषयीच्या व्याख्यानापेक्षा ही एक गोष्ट अर्जदारास लवकर पटते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

मोरीचा हिशेब

नाल्यापलीकडील भूखंडास जाण्यासाठी नाल्यावर नळ्या टाकून रस्ता करण्याचा प्रस्ताव बहुधा अर्जासोबत असतो. घरापेक्षा या मोरीमुळेच अधिक नुकसान होते, म्हणून तिचा हिशेब प्रत्येक ग्रामकार्यकर्त्यास करता आला पाहिजे.

समजा, नाल्याचे पात्र चार मीटर रुंद व दीड मीटर खोल आहे. पाणी जावयास सहा चौरस मीटर वाट आहे. अर्जदार ९० सेंटिमीटर व्यासाच्या दोन नळ्या टाकू म्हणतो. दोन्ही नळ्यांचे तोंड मिळून सव्वा चौरस मीटर होते, म्हणजे मूळ वाटेचा सुमारे पाचवा हिस्सा. आता वरच्या बाजूचे पाणलोट क्षेत्र २०० हेक्टर आहे, एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यातील निम्मे पाणी सहा तासांत वाहून आले असे धरा. ते एक लाख घनमीटर होते. दर सेकंदास सरासरी साडेचार घनमीटरांहून थोडे अधिक. नळ्यांतून पाणी सेकंदास दोन मीटर वेगाने गेले तरी अडीच घनमीटरच जाईल. उरलेले दोन घनमीटर मागे साचू लागते. दोन हेक्टरांचे ते लवण शाबूत असेल तरी तासाभराच्या आत भरून जाईल. ते बुजविलेले असेल तर तेवढाही अवधी मिळणार नाही. त्यानंतर पाणी रस्त्यावरून तरी जाईल किंवा वरच्या शेतात तरी चढेल. हा हिशेब सरासरीचा आहे. प्रत्यक्षात पाऊस सहा तास सारखा पडत नाही. एका तासाचा जोर याच्या दुपटीतिपटीने असू शकतो, आणि नळ्यांच्या तोंडाशी पराटीचे व बाभळीचे ढीग अडकतात ते वेगळेच.

अशा जागी नळ्यांच्या मोरीऐवजी रपटा केलेला बरा. त्यावरून पुराचे पाणी जाते, दोनचार तास वाट बंद राहते, पण पाणी अडत नाही. कायम वाट हवीच असेल तर पात्राइतकी रुंदी मोकळी ठेवून स्लॅबचा पूल करावा आणि त्याचा आराखडा अभियंत्याकडून तपासून घ्यावा.

पाणी अडल्याने काय होते याचे सर्वांत दुःखद स्मरण याच वर्धा नदीच्या काठी आहे. जिल्ह्याच्या वरच्या अंगास, नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यात मोवाड गाव आहे. ३० जुलै १९९१ रोजी तेथे वर्धेच्या पुराने दोनशेहून अधिक माणसे दगावली. मोवाडचा पूर मोठ्या नदीचा होता, त्याची एका नाल्याशी बरोबरी होत नाही; परंतु नदीकाठच्या सखल वस्तीस पळावयास किती थोडा वेळ मिळतो हे त्यावरून कळते. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत हिंगणघाट व समुद्रपूर तालुक्यांतही नदीनाल्यांचे पाणी शेतांत व वस्त्यांत शिरले होते.

दप्तरातील पुरावा

सातबारा उताऱ्यावर पोटखराबा हा रकाना असतो. त्याचे ‘अ’ व ‘ब’ असे दोन वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे लागवडीस अयोग्य अशी जमीन. ‘ब’ वर्गात सार्वजनिक उपयोगाची, रस्त्याखालील, तसेच इतरांच्याही पाण्याच्या उपयोगाचा तलाव अथवा ओढा यांखालील जमीन येते. अर्जाच्या जागेत ‘ब’ वर्गाचे क्षेत्र असेल तर ते कोठे आहे हे दाखविल्याशिवाय पुढे जाऊ नये. तलाठ्यांकडून, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, हा खुलासा लेखी घ्यावा.

भूमी अभिलेख कार्यालयातून बंदोबस्ताच्या वेळचा जुना गावनकाशा मिळवून आजच्या नकाशाशी ताडून पाहावा. पुष्कळ ठिकाणी नाला नांगरून धुऱ्याएवढा केलेला असतो आणि नवीन मोजणीत तो धुराच समजला जातो. पाणी मात्र जुन्या नकाशाप्रमाणे येते.

वर्धा जिल्हा पूर्वीच्या मध्यप्रांतातला असल्यामुळे येथे आणखी दोन दप्तरे उपयोगी पडतात. निस्तार पत्रकात गावाच्या विनावहिवाटीच्या जमिनीची व्यवस्था लिहिलेली असते. वाजिब-उल-अर्ज यात पाणी घेण्याच्या, जाण्यायेण्याच्या व मासेमारीच्या वहिवाटी नोंदलेल्या असतात. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, तरी ही दप्तरे संपली नाहीत. महसूल संहितेच्या कलम १६१ व १६५ मध्ये त्यांस स्थान आहे. ज्या लवणात गावची गुरे पाणी पीत आली त्याची नोंद यात सापडली, तर तोंडी भांडणापेक्षा तिचे वजन अधिक पडते.

अभिप्राय कसा लिहावा

गावठाणातील बांधकामास ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चे कलम ५२ पाहावे. गावठाणाबाहेरील परवानगी महसूल व नगररचना अधिकाऱ्यांच्या कक्षेत येते, आणि त्यांच्या नियमावलीत जलप्रवाहापासून सोडावयाचे अंतर दिलेले असते. अकृषिक वापराच्या व परवानगीच्या रीतीत अलीकडे वेळोवेळी बदल झाले आहेत, यास्तव चालू नियम तहसील कार्यालयातून विचारून घ्यावा. अधिकार कोणाचाही असो, ग्रामपंचायतीने आपला अभिप्राय लेखी पाठवावा.

‘हरकत आहे’ अथवा ‘हरकत नाही’ एवढ्या दोन शब्दांचा अभिप्राय निरुपयोगी आहे. त्यात मोजमाप हवे: नाल्याचा काठ बांधकामापासून किती मीटर, पात्राची रुंदी व खोली किती, पुराची खूण जोत्याच्या पातळीहून किती वर अथवा खाली, भराव किती घालणार व तो कोठून आणणार, मोरीचे तोंड किती, शोषखड्डा व विहीर यांत अंतर किती, पोटखराबा कोणत्या वर्गाचा. सोबत हाताने काढलेला नकाशा व तारखेसह छायाचित्रे जोडावीत. पाहणीस हजर असलेल्यांच्या सह्या घ्याव्यात, अर्जदाराचीही.

नकार देण्यापूर्वी पर्याय शोधावा. भूखंडाची एक बाजू उंच असेल तर घर तिकडे सरकविता येते, व सखल बाजू गवतासाठी आणि करंज, जांभूळ, अर्जुन अशा काठ धरून ठेवणाऱ्या झाडांसाठी मोकळी राहते. घरकुलाच्या भूमिहीन लाभार्थ्यास नाल्याकाठी ढकलण्याची रीत मात्र बंद व्हावयास हवी. जागा खरेदीसाठी शासनाचे अर्थसाहाय्य आहे, त्याचा प्रस्ताव प्रथम करावा.

भराव पडून गेलाच असेल व त्यामुळे शेजाऱ्याच्या शेतात पाणी अडत असेल, तर त्या शेतकऱ्याने स्वस्थ बसू नये. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे शेतावरील पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास केलेला अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदारांस आहे. त्यासाठी अडथळा उत्पन्न झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. भराव बहुधा उन्हाळ्यात पडतो व तक्रार दिवाळीनंतर सुचते, तोवर मुदत निघून जाते. म्हणून भराव दिसताच ग्रामकार्यकर्त्याने त्याची तारीख आपल्या दैनंदिनीत टिपून ठेवावी व संबंधित शेतकऱ्यास मुदत सांगावी.

यंदाच्या पावसाळ्यात जो सर्वांत मोठा पूर येईल, त्याची पातळी ओसरण्यापूर्वी शाळेच्या किंवा पुलाच्या भिंतीवर रंगाने रेघ ओढून तारीख लिहावी. पुढील अर्जाच्या पाहणीस त्या रेघेपासून मोजमाप सुरू करता येईल.